जामीनकीची सही आणि आत्मसंरक्षणाची मर्यादा

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. वय ४६. सहा वर्षांपूर्वी धाकट्या भावाने टेम्पोसाठी एका पतसंस्थेतून कर्ज काढले, त्याला मी जामीन राहिले. दोन वर्षांत हप्ते थकले, संस्थेने वसुलीचा दाखला मिळवला आणि माझ्या पगारातून कपात सुरू झाली. ते कर्ज अजून फिटलेले नाही. आता ते ‘नवं-जुनं’ करून वर कोंबड्यांच्या शेडसाठी वाढीव रक्कम घ्यायची असे भावाचे चालले आहे आणि पुन्हा मीच जामीन राहावे, अशी त्याची व आईची अपेक्षा आहे. गेल्या वर्षी यजमानांची बायपास झाली, त्यांचे काम सुटले. मुलगी बारावीला आहे. मी नाही म्हटले. शाळेतली मैत्रीण म्हणाली, ‘हे सेल्फ-प्रिझर्व्हेशन आहे, वाईट वाटून घेऊ नकोस.’ भावजय म्हणते, ‘शिकलेल्या माणसांनी स्वार्थाला चांगलं नाव शोधलंय. बिरबलाच्या गोष्टीतल्या माकडिणीत आणि तुमच्यात फरक काय?’ आई म्हणते, जामीन राहायचे नसेल तर वडिलोपार्जित जमिनीवरचा हक्क तरी सोड, म्हणजे तो जमीन तारण ठेवील. ‘मी जिवाचं काही बरं-वाईट करून घेईन,’ असे भाऊ तिच्यापाशी दोनदा बोलला. मला रात्र-रात्र झोप नाही. धाकट्या बहिणीला नुकतीच परिचारिकेची नोकरी लागली आहे, तिच्यामागे अजून संसार नाही. तिचे नाव सुचवावे का, असेही मनात येते. मी करते आहे ते आत्मसंरक्षण की स्वार्थ? — एक ताई

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचा प्रश्न पत्राच्या शेवटी आहे, पण मला सुरुवात त्याआधीच्या एका वाक्यापासून करावी लागेल. तुमचा भाऊ आईपाशी जिवाचे बरे-वाईट करण्याची भाषा बोलला आहे. तो खरोखर त्या टोकाला आला आहे की तुमच्यावर दडपण आणण्यासाठी बोलला आहे, याचा निवाडा घरात बसून कोणी करू नये. ते खरेच आहे असे धरून चालावे. त्याला आजच भेटा, जाणे जमण्यासारखे नसेल तर फोन करा, आणि ‘तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का’ असे सरळ शब्दांत विचारा. असे विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. कोणी तरी विचारले म्हणून माणूस बोलता होतो, असाच अनुभव अधिक आहे. त्याने ‘हो’ म्हटले किंवा नुसतीच टाळाटाळ केली, तरी त्याला एकटे राहू देऊ नका, घरात शेतीची औषधे असतील तर ती दुसऱ्या कोणाच्या ताब्यात द्या आणि टेलि-मानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर त्याला फोन लावून द्या. ही सेवा विनामूल्य आहे आणि दिवसरात्र चालते. तेथे मराठीत बोलता येते. जिल्हा रुग्णालयातही मानसोपचाराची सोय असते. यांपैकी कशासाठीही जामीनपत्रावर सही करावी लागत नाही. सहीने त्याच्या डोक्यावरचे कर्ज कमी होणार नसून वाढणार आहे, ही गोष्ट आईलाही शांतपणे समजावून सांगा. त्याच्या जिवाची काळजी आणि त्याच्या कर्जाचा जामीन या दोन गोष्टी एकाच वेळी तुमच्यापुढे आल्या आहेत, एवढाच त्यांचा संबंध आहे.

आता तुमच्या प्रश्नाकडे वळते. ‘स्वसंरक्षण’ म्हटले की आपल्याकडे शाळांतली मुलींची कराटे शिबिरे डोळ्यांपुढे येतात. तुमच्या मैत्रिणीला अभिप्रेत असलेला अर्थ त्याहून रुंद आहे. कोणी अंगावर चालून आलेले नसतानाही, उद्या आपण आपल्या पायांवर उभे राहू शकू एवढे आपल्यापाशी राखून ठेवणे, हा तो अर्थ. त्यात शरीर आले, उपजीविका आली, डोक्यावरचे छप्पर आले आणि मनाचे स्वास्थ्यही आले. यात नवे काही नाही. ‘स्वतःला राखून कर’ असे मागच्या पिढीतल्या बायका सुनांना सांगतच होत्या, मग सुना ते करू शकत असोत वा नसोत. मात्र तुमच्या भावजयेच्या टोमण्यात तथ्याचा अंश आहे, हेही मान्य केले पाहिजे. हा शब्द अलीकडे फार सैल वापरला जातो. आजारी मावशीला भेटायला जायचा कंटाळा आला तरी आत्मसंरक्षण, सोसायटीच्या कामातला आपला वाटा दुसऱ्याच्या गळ्यात मारला तरी आत्मसंरक्षण! म्हणून मैत्रिणीने दिलेल्या नावावर समाधान मानू नका आणि भावजयेने दिलेल्या नावाने खचूनही जाऊ नका. काही तरी मोजमाप हाती घेऊन आपले वागणे त्याला लावून पाहावे, हे बरे.

असे मोजमाप कायद्याच्या दोन ठिकाणी सापडते. पहिले फौजदारी कायद्यात आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४ ही कलमे खासगी बचावाच्या हक्काविषयी आहेत. जुन्या दंडसंहितेत हीच तरतूद ९६ ते १०६ या कलमांत होती. हा हक्क स्वतःच्या शरीरापुरता नसून दुसऱ्याच्या शरीराच्या बचावासाठीही आहे. आणि त्याला एक अट आहे: बचावासाठी जेवढी आवश्यक तेवढीच इजा करता येते, त्याहून अधिक नाही. म्हणजे स्वतःला वाचवण्याचा अधिकार मान्य करतानाच कायद्याने त्याला माप घालून दिले आहे.

दुसरे ठिकाण तुमच्या प्रकरणाच्या अधिक जवळचे आहे आणि मला स्वतःला ते फार अर्थपूर्ण वाटते. दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ सालची. तिच्या कलम ६० मध्ये, कोणाविरुद्ध पैशाचा हुकूमनामा झाला तर त्याच्या कोणकोणत्या वस्तू जप्त करता येणार नाहीत, याची यादी दिली आहे. अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्मरूढीनुसार स्त्रीला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिने, म्हणजे आपल्याकडे मंगळसूत्र, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे, उपजीविकेसाठी न्यायालयाला आवश्यक वाटतील ती गुरे आणि बियाण्याचे धान्य. नोकरदाराच्या पगारातील पहिले एक हजार रुपये आणि उरलेल्या रकमेचा दोन-तृतीयांश भाग अशा हुकूमनाम्यात जप्तीबाहेर राहतो. ही सवलत ज्याने खरोखर पैसे देणे आहे, ज्याच्याविरुद्ध न्यायालयाने निकाल दिला आहे, अशा माणसाला आहे, हे ध्यानात घ्या. सावकाराचे पैसे बुडाले तरी चालतील, पण ऋणकोचे बियाणे उचलून नेऊ नये, कारण ते नेले तर तो पुढच्या पावसाळ्यात पेरणार काय, हा त्यामागचा विचार आहे.

माझ्या मते आत्मसंरक्षणाचे माप हेच आहे. खाण्याचे धान्य आणि बियाण्याचे धान्य शेतकरी वेगळे ठेवतो. दारी आलेल्याला पहिल्यातून पायलीभर देता येते, कधी उपाशी राहूनही देता येते, आणि ते न दिले तर कोणी कंजूष म्हटले तरी ऐकून घ्यावे लागते. पण कणगीतल्या बियाण्याला हात लावू न देणाऱ्याला कोणी स्वार्थी म्हणत नाही. तुमच्याकडे जे मागितले जात आहे ते यांपैकी कोणते धान्य आहे, एवढाच प्रश्न उरतो. त्यासाठी जामीनकी म्हणजे नेमके काय, हे पाहणे भाग आहे, कारण ‘एवढी सही कर’ या शब्दांत ती फारच हलकी वाटते.

भारतीय करार अधिनियम १८७२ च्या कलम १२८ नुसार, करारात वेगळे काही ठरलेले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराच्या जबाबदारीइतकीच असते. अनेकांचा असा समज असतो की संस्था आधी कर्जदाराचे सर्व विकून पाहील आणि तुटवडा उरला तरच जामीनदाराकडे येईल. तसे नाही. बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या १९६९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले आहे की धनकोला आधी कर्जदाराच्या मागे लागण्याची सक्ती केली तर जामिनाचा हेतूच नाहीसा होतो. व्यवहारात संस्था जिथून पैसा सहज मिळेल तिथे जाते, आणि टेम्पो शोधून, ओढून आणून, लिलावात काढण्यापेक्षा पंचायत समितीला एक पत्र धाडून शिक्षिकेच्या पगारातून कपात करून घेणे केव्हाही सोपे. सहकारी संस्थांना तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम १०१ खाली निबंधकाकडून वसुलीचा दाखला मिळतो. दिवाणी दावा लढत बसावे लागत नाही आणि ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते. हे तुम्ही अनुभवले आहे. पगारपत्रकातल्या कपातीच्या रकान्यात महिन्यामागून महिना छापून येणारा तो आकडा तुम्ही न घेतलेल्या पैशाचा आहे.

जामीनपत्राचा छापील कागद पुन्हा समोर आला तर या वेळी तो वाचाच. ‘कर्जदारासह वैयक्तिक व सामुदायिकरीत्या जबाबदार’ अशा अर्थाची ओळ त्यात सापडेल. संस्थेने मुदत वाढवली, हप्ते बदलले किंवा कर्जदाराला सवलत दिली तरी जामीनदाराची हरकत राहणार नाही, असेही बहुधा बारीक टायपात असेल. कर्जाच्या अटी परस्पर बदलल्यास जामीनदाराला करार अधिनियमाच्या कलम १३३ ने जे संरक्षण मिळते, ते अशा ओळीने बोथट होते. रक्कम आणि तारीख यांच्या जागा कोऱ्या ठेवून सह्या घेण्याची पद्धत अजून पुष्कळ ठिकाणी आहे. सोबत पगारकपातीचे संमतीपत्र आणि सही केलेले कोरे धनादेश मागितले जातात. असा धनादेश न वटल्यास परक्राम्य संलेख अधिनियमाच्या, म्हणजे धनादेश-हुंड्यांविषयीच्या कायद्याच्या, कलम १३८ खाली थेट तुमच्यावर फौजदारी तक्रार होऊ शकते. तुमच्या पश्चातही झालेले देणे तुम्ही मागे ठेवलेल्या मालमत्तेपुरते मुलीपर्यंत जाऊन पोचते.

याशिवाय ‘नवं-जुनं’. थकलेले कर्ज नव्या कर्जातून फेडल्याचे दाखवायचे, म्हणजे कागदावर जुने खाते बंद आणि थकबाकी शून्य, असा हा प्रकार. संस्थेचा ताळेबंद त्याने चांगला दिसतो आणि कर्जदाराला मोकळे झाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात मागचे थकलेले व्याज मुद्दलात मिसळून त्यावर नवे व्याज सुरू होते, आणि आजवर तुमच्या पगारातून जे कापले गेले त्याचा हिशेबही त्या घुसळणीत दिसेनासा होतो. शेडसाठी मिळणाऱ्या वाढीव रकमेतून शेड किती उभी राहील आणि जुन्या खात्यात किती जिरेल, हे भावाला विचारून पाहा. मला शंका आहे की त्यालाही ते कोणी मांडून दाखवलेले नाही.

हे सगळे तुमच्या घराला लावून पाहू. यजमानांचे उत्पन्न थांबले आहे आणि त्यांचे औषधपाणी चालू राहणार आहे. म्हणजे तुमचा पगार ही घरातली एकमेव मिळकत आहे. पुढच्या वर्षी मुलीच्या शिक्षणासाठी बँकेचे कर्ज काढावे लागले तर आईवडिलांपैकी एकाला सहकर्जदार व्हावे लागते, आणि तो तुम्हीच असणार. तेव्हा बँक तुमच्या पगारपत्रकावरची कपात पाहील, हाती पडणारी रक्कम पाहील आणि दुसऱ्या कोणाच्या कर्जाला तुम्ही जामीन आहात का, हेही विचारील. त्यामुळे तुमच्याकडे मागितले जाते आहे ते बियाणेच आहे, आणि तेही किती पायली हे न सांगता. दिलेल्या पैशाला आकडा असतो. जामीनकीचा आकडा व्याज, दंड आणि वसुलीचा खर्च ठरवतात. तुम्ही सही नाकारलीत हे आत्मसंरक्षणच आहे, आणि त्यात मला किंतु वाटत नाही.

माकडिणीच्या गोष्टीचे उत्तर सोपे आहे. हौदात पाणी चढू लागते, माकडीण पिल्लाला आधी कडेवर, मग डोक्यावर घेते आणि नाकातोंडात पाणी जाऊ लागल्यावर त्याला पायांखाली घेऊन उभी राहते, अशी ती गोष्ट. तुम्ही भावाच्या अंगावर पाय ठेवलेला नाही. हौदात उतरायला नाही म्हटले आहे. शिवाय सहा वर्षांपूर्वी तुम्ही उतरला होता आणि त्याचे पाणी अजून तुमच्या अंगावर आहे.

पण ताई, पत्राच्या शेवटी तुम्ही धाकट्या बहिणीचे नाव काढले आहे, आणि तिथे मात्र मी तुमच्या बाजूने उभी राहू शकत नाही.

१८८४ सालचा एक इंग्लिश खटला कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही शिकवला जातो. मिग्नोनेट नावाची एक लहान नौका साउदॅम्प्टनहून सिडनीला चालली होती. दक्षिण अटलांटिक महासागरात ती बुडाली आणि कप्तान डडली, त्याचे सहकारी स्टीफन्स व ब्रूक्स आणि रिचर्ड पार्कर हा १७ वर्षांचा पोरगा असे चौघे एका छोट्या होडीत उरले. जवळ सलगमाचे दोन डबे. मध्ये एक कासव सापडले. पिण्याचे पाणी नाही. आठवड्यांमागून आठवडे गेले. समुद्राचे पाणी पिऊन पार्कर आजारी पडला, तेव्हा डडलीने स्टीफन्सच्या संमतीने त्याला मारले आणि त्याच्या देहावर उरलेले तिघे जगले. काही दिवसांतच एका जहाजाने त्यांना उचलले. न्यायालयात त्यांनी काहीही लपवले नाही. आम्हाला बायकामुले आहेत, त्याच्यामागे कोणी नव्हते, तो तसाही जगला नसता, असे त्यांचे म्हणणे होते. स्वतःचा जीव वाचवण्यासाठी निरपराध दुसऱ्याचा जीव घेण्याचा हक्क कोणालाही नाही, असे सांगून न्यायालयाने डडली आणि स्टीफन्स यांना दोषी ठरवले. फाशीची शिक्षा पुढे सहा महिन्यांच्या कैदेवर आणली गेली. मुख्य न्यायाधीश लॉर्ड कोलरिज यांनी विचारलेला प्रश्न त्या होडीपुरता नाही: कोणाचा जीव कमी मोलाचा, हे ठरवायचे कोणी? त्या होडीत सर्वांत लहान, सर्वांत अशक्त आणि विरोध करू न शकणारा होता त्याची निवड झाली होती.

उदाहरण जड आहे, आणि तुमच्या घरात कोणाचा जीव कोणी घेत नाही, हे मला कळते. तरी ‘तिच्यामागे अजून संसार नाही’ हे तुमचे वाक्य आणि त्या होडीतला युक्तिवाद यांची जात एकच आहे. जो बोजा तुमच्या अंगावर आला होता तो तुम्ही नाकारलात, तोवर ते आत्मसंरक्षण होते. तोच बोजा, तो काय असतो हे पुरते माहीत असताना, ज्याला ते माहीत नाही अशा धाकट्या माणसाकडे सरकवला की शब्द बदलावा लागतो. तिचा पगारही बियाणेच आहे, नुकते हाती आलेले. म्हणून तिचे नाव सुचवू तर नकाच. उलट तिला स्वतःहून फोन करून तुमच्या पगारातल्या कपातीची हकिकत सांगा. भाऊ किंवा आई तिच्याकडे जाणारच आहेत, आणि मोठ्या बहिणीने आधी सांगितले असेल तर तिला विचार करून उत्तर देता येईल. खासगी बचावाच्या हक्कात दुसऱ्याचा बचावही येतो, असे वर म्हटले ते इथे उपयोगी पडते.

आणखी एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, पण ती पत्राच्या सुरातून ऐकू येते. मागच्या कपातीचा तुम्हाला राग आहे. तो असणे साहजिक आहे. मात्र रागालाही आत्मसंरक्षण म्हणू नका. भावाकडे जाणे बंद करणे, राखी न पाठवणे, आईच्या औषधांना पैसे देणे थांबवणे, यांपैकी काही तुम्ही करणार असाल तर त्याने तुमच्या घराचे काही राखले जाणार नाही, ती केवळ शिक्षा होईल. शिक्षा करावीशी वाटते का, याचा विचार वेगळा करा.

नकार सांगण्याची पद्धत महत्त्वाची आहे, कारण आपल्या घरांत ‘बघू’, ‘यांना विचारते’, ‘पगारवाढ झाल्यावर’ असे म्हणून नकार लांबवला जातो आणि समोरचा त्या भरवशावर पुढचे व्यवहार करून बसतो. यजमानांच्या नावावर तो ढकलू नका. ते आजारी आहेत, आणि मेहुण्यांनी सही करू दिली नाही ही गोष्ट पुढे वीस वर्षे ऐकवली जाईल. आईसमोर, भावाशी, स्वतःच्या तोंडाने बोला. माझ्या डोळ्यांपुढे असे काहीसे आहे: ‘दादा, मी या कर्जाला जामीन राहणार नाही, आणि हे आता बदलणार नाही. घरात माझा एकटीचा पगार आहे. जुन्या कर्जाचं माझ्या पगारातून जातंय, त्याबद्दल मी तुला बोलायला आलेले नाही. तुझ्यासोबत बसून सगळी देणी एका कागदावर मांडायला मी तयार आहे. माझ्याकडून एवढे पैसे देते. हे परत करायचे नाहीत.’ ही शेवटची रक्कम तुम्ही आधी यजमानांशी बोलून ठरवा. ती बुडाली तरी तुमच्या घरात तिच्यावरून शब्द निघणार नाही, एवढीच असू द्या. पाच हजार असली तरी चालेल.

जुन्या कर्जाबाबत संस्थेला लेखी अर्ज देऊन तीन गोष्टी मागा: तुमच्या जामीनपत्राची प्रत, कर्जाचा पूर्ण खातेउतारा आणि तुमच्या पगारातून आजवर जमा झालेल्या रकमेचा तपशील. आपल्या संमतीशिवाय या कर्जाचे नूतनीकरण वा त्यात वाढ करू नये, यापुढील कोणत्याही रकमेला आपला जामीन नाही, असे त्याच अर्जात लिहा आणि आवक क्रमांकासह पोच घ्या. पुढील व्यवहारांपुरता चालू स्वरूपाचा जामीन नोटीस देऊन काढून घेण्याची तरतूद करार अधिनियमाच्या कलम १३० मध्ये आहे; तुमचा जामीन त्या प्रकारचा आहे की एकाच कर्जापुरता, हे प्रत हाती आल्यावर एखाद्या वकिलाकडून पाहून घ्या. जामीनदाराने भरलेली रक्कम कर्जदाराकडून मागण्याचा हक्क कलम १४५ देते, आणि पूर्ण देणे भागवल्यावर धनकोचे हक्क व तारण कलम १४० व १४१ नुसार जामीनदाराकडे येतात. भावावर दावा लावा असे मी सुचवत नाही. पण एवढी रक्कम ताईने भरली, असे भावाच्या सहीचे एक पत्र तुमच्यापाशी असावे. पुढे जमिनीच्या वाटणीची बोलणी होतील तेव्हा ते लागेल.

भावाला जामिनाशिवायचे मार्ग अगदीच नाहीत असे नाही. संस्थेकडे एकरकमी परतफेडीची सवलत मिळते का, हे आधी विचारावे, कारण टेम्पो विकून जुने खाते मिटवणे हे बहुधा नव्या शेडपेक्षा शहाणपणाचे ठरेल. किसान क्रेडिट कार्डावर तारणाशिवाय मिळणाऱ्या कर्जाची मर्यादा १ जानेवारी २०२५ पासून दोन लाख रुपये झाली आहे आणि कुक्कुटपालनही त्या योजनेत बसते. मुद्रा कर्जालाही तारण लागत नाही. थकबाकीमुळे बँका नाके मुरडतील, हे खरे. पण बँक ज्याला नाही म्हणते त्याला बहिणीने जामीन का राहावे, हा विचार आईच्याही मनात यायला हरकत नाही.

राहता राहिला जमिनीचा प्रश्न. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलासारखाच जन्मतः हक्क आहे; हिंदू उत्तराधिकार कायद्यात २००५ मध्ये ती दुरुस्ती झाली आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्याविषयीच्या शंका मिटवल्या. हक्कसोडपत्र एकदा नोंदले की माघारी घेणे जवळजवळ अशक्य असते, त्यामुळे जामीनकीच्या बदल्यात, घाईत, रडारडीत ते करू नका. पुढे कधी सगळे स्थिरस्थावर झाल्यावर तुम्हाला भावाला जमीन द्यावीशी वाटली तर ते दान म्हणून आनंदाने द्या. आज त्याला तारणच ठेवायचे असेल तर त्याने स्वतःचा हिस्सा ठेवावा. सर्व हिस्सेदारांची संमती असेल आणि तुकडेबंदीच्या, म्हणजे शेतजमिनीचे फार लहान तुकडे पाडू न देणाऱ्या कायद्याच्या, मर्यादेत बसत असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज करता येतो. त्याचा सातबारा वेगळा झाला की तो त्यावर कर्ज काढायला मोकळा, आणि आईचा, तुमचा व बहिणीचा हिस्सा त्या कर्जातून बाहेर. अर्जावर सही करायला तुम्ही जरूर जा, आणि जाताना बहिणीलाही बरोबर न्या.